करीर, नेपती आणि ‘निष्पर्ण’ हे विशेषण

शंका : ‘पत्रं नैव यदा करीरविटपे दोषो वसन्तस्य किम्’ (करीराच्या फांदीला पानच नसेल, तर त्यात वसंताचा काय दोष?) ह्या भर्तृहरीच्या ओळीतील ‘करीर’ मराठीत कसा आणावा? त्याला ‘निष्पर्ण’ म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : करीर म्हणजे आपली नेपती आणि राजस्थानातले केर, शास्त्रीय नाव कॅपॅरिस डेसिड्युआ. संस्कृतात ‘करीर’चा बांबूचा कोंब असाही अर्थ आहे आणि अमरकोशाने तो नोंदवलेला आहे, परंतु येथे पाने नसलेल्या झाडाविषयीच बोलणे चालले असल्याने तो लागू होत नाही. ‘निवडुंग’ हा पर्याय मात्र कृपया टाळावा, कारण फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला असून भर्तृहरीच्या काळी तो येथे नव्हता.

आता ‘निष्पर्ण’विषयी. नेपतीला पाने येतात. कोवळ्या फुटव्यांवर जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांबीची, अरुंद, टोकाशी अणकुचीदार पाने दिसतात आणि थोड्याच दिवसांत ती गळून पडतात. त्यानंतर अन्न तयार करण्याचे काम हिरव्या, गुळगुळीत फांद्या करतात, आणि पानांच्या जागी जोडीजोडीने असलेले आखूड काटे तेवढे उरतात. पाने नसल्याने बाष्पीभवन कमी होते, हा वाळवंटातला मोठाच लाभ. फोर्स्कोल ह्या स्वीडिश अभ्यासकाच्या 1775 साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ह्या झुडपाला दिलेले ‘डेसिड्युआ’, म्हणजे गळणारी, हे विशेषण म्हणूनच नेमके वाटते. मराठीत ‘पानझडी’ म्हटले की सागासारखा ऋतूनुसार पाने झाडणारा वृक्ष डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे शास्त्रीय लेखनात मी नेपतीसाठी ‘शीघ्रपाती पानांचे झुडूप’ असे लिहीन. काव्याच्या भाषांतरात ‘निष्पर्ण’ खुशाल ठेवावे, कारण पाहणाऱ्याला ते तसेच दिसते.

एक गोष्ट मात्र भाषांतरकाराने जरूर ध्यानात घ्यावी. फाल्गुन-चैत्रात, म्हणजे ऐन वसंतातच, ह्या झुडपाच्या बिनपानी फांद्या विटकरी-तांबड्या फुलांच्या झुबक्यांनी भरून जातात. फूल जवळून पाहिले तर चार संदलांपैकी (पाकळ्यांबाहेरच्या दलांपैकी) एक पिशवीसारखे फुगीर असते, पाकळ्यांबाहेर लांब पुंकेसर डोकावतात आणि किंजपुट, म्हणजे ज्याचे पुढे फळ होते तो भाग, स्वतंत्र दांडीवर उचलून धरल्यासारखे दिसते. पुढे त्याचेच बोराएवढे हिरवे फळ होते, जे ताकात किंवा मिठाच्या पाण्यात मुरवून कडूपणा काढल्यावर शमीच्या शेंगांबरोबर ‘केर-सांगरी’च्या भाजीत पडते, पिकल्यावर ते गुलाबी-लाल होते.

प्रतिसाद : मग ‘करंटे करीर’ असे भाषांतर करावे का?

उत्तर : नको. मूळ ओळीत करीराची निंदा नाही, केवळ पानांचा अभाव सांगितला आहे. ‘नेपतीच्या फांदीला पानच नाही, त्यात वसंताचा काय दोष?’ एवढे पुरेसे आहे, आणि वसंताने तिला फुले दिलेली असतात हे टिपेत सांगावे.