जो मावर फक्त 'घरचा' म्हणून लाडका होता म्हणे!

कुडकुडे_सेंटपॉल

परवा ट्विन्सच्या (मिनेसोटाची बेसबॉल टीम) धाग्यावर रोखठोक_राजा यांनी पिंक टाकली की कॅचर जो मावर इथल्या सेंट पॉलचा नसता तर त्याला १८ कोटी ४० लाख डॉलर कोणी दिले नसते, मिनेसोटावाल्यांनी गावचा पोरगा म्हणून डोक्यावर घेतला आणि टीम खड्ड्यात घातली. तिथेच दोन ओळी लिहिणार होतो पण दोन दिवस डोकं फिरलंय म्हणून वेगळा धागा.

अहो, बॅटिंग सरासरी बघा: २००६ ला .३४७, २००८ ला .३२८, २००९ ला .३६५. तीन बॅटिंग टायटल (लीगमध्ये सर्वाधिक सरासरी), आणि तीही कॅचर असताना! कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे मॅचभर उकिडवं बसायचं, गुडघ्यांची वाट लावायची आणि वर बॅटिंग करायची. अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या (मेजर लीगचे दोन भाग) इतिहासात दुसऱ्या कुठल्या कॅचरची तीन टायटल आहेत ते सांगा, मी हा धागा उडवायला लावतो. २००९ चा पहिला महिना पाठीमुळे घरी बसून काढला, मेमध्ये आला आणि पहिल्याच स्विंगला बॉल बाहेर. एमव्हीपीला (लीगचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू) २८ पैकी २७ जणांनी पहिल्या क्रमांकाचं मत दिलं. ते २७ जण काय सेंट पॉलला राहतात? हॉल ऑफ फेमला मत देणारेही देशभरचे पत्रकार, त्याच्या क्रेटिन-डरहॅम शाळेचे माजी विद्यार्थी नव्हेत.

आणि समजा घरचा म्हणून थोडं जास्त प्रेम केलं, तर बिघडलं काय? शाळेत असताना अमेरिकन फुटबॉलमध्येही देशात पहिला, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ क्वार्टरबॅक म्हणून न्यायला तयार, तरी हा गावातच राहिला. आख्खं करिअर एका टीममध्ये. आजकाल दाखवा असा कोणी.

रोखठोक_राजा

माझ्या नावाने धागा, धन्य झालो.

साहेब, २००९ चं कोण नाकारतंय? माझा मुद्दा पुढचा आहे आणि तो तुम्ही सोयीस्कर गाळलात. नवा करार सुरू झाला २०११ ला, वर्षाला २ कोटी ३० लाख. त्या वर्षी हा खेळला ८२ मॅच, कारण काय तर 'दोन्ही पायांत अशक्तपणा'. टीम ९९ मॅच हरली. २०१४ ला फर्स्ट बेसवर आला, सरासरी .२७७ आणि होमरन ४. चार! फर्स्ट बेसवाल्याकडून लोक २५-३० ची अपेक्षा ठेवतात. हेच बाहेरून आलेल्या कोणी केलं असतं तर तुम्हीच बू करत बसला असता. घरच्याला सगळं माफ.

आणि पोस्टसीझनमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) हा १० मॅच खेळला, दहाच्या दहा हरले. असो. चालू द्या कौतुक.

प्राजक्ता_ईडनप्रेरी

राजा, '४ होमरन' लिहिताना ऑगस्ट २०१३ कुठे गेला? बॅटला निसटता लागलेला बॉल (फाउल टिप) मास्कवर बसून कन्कशन (मेंदूला मार) झालं, त्यानंतर कॅचिंग कायमचं बंद. पुढे त्याने स्वतः सांगितलंय की नजर धूसर व्हायची. ताशी ९५ मैलांनी येणारा बॉल धूसर दिसत असताना .२७७ मारून दाखवा, मग बोला.

मला हा विषय जरा लागतो. माझ्या मुलाला शाळेच्या टीममध्ये बॉल डोक्याला लागला, कोच म्हणाले पाणी पी, बस पाच मिनिटं, परत पाठवला. घरी आल्यावर लाइट सहन होईना. पुढे कित्येक आठवडे स्क्रीन नाही, पुस्तक नाही. आणि वर कोणीतरी मला म्हणालं, बाहेरून तर बरा दिसतोय की. मावरलाही लोक हेच म्हणायचे, एवढे पैसे घेतो, धडधाकट दिसतो, मग कॅचिंग का नाही. ट्विन्सच्याच मॉर्नोचंही २०१० मध्ये तेच झालं होतं, टोरंटोला सेकंड बेसवर गुडघा लागला डोक्याला, पुन्हा आधीचा मॉर्नो दिसलाच नाही. तरी कोणी काही शिकलं नाही.

नाना_शिकागो

आमचं दुःख कोण ऐकणार! २००१ च्या ड्राफ्टला (नवे खेळाडू निवडण्याची फेरी) ट्विन्सचा पहिला नंबर, सगळे म्हणत होते पिचर मार्क प्रायर घ्या. तुम्ही घेतला मावर, आणि तेव्हा तुमचेच लोक बोंबलत होते की मालक चिक्कू, घरचं पोर स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं. प्रायर आमच्या शिकागोच्या कब्जकडे आला. २००३ ला १८ जिंकल्या, ६ हरल्या, वाटलं आता उद्धार झाला. त्याच वर्षी एनएलसीएसच्या (नॅशनल लीगच्या फायनलच्या) सहाव्या मॅचला जिंकायला पाच आउट बाकी असताना मैदानावर तोच होता... पुढचं लिहीत नाही, बीपी वाढतं. २००६ नंतर तो मेजर लीगमध्ये खेळताना दिसला नाही.

तेव्हा राजा, गावचा पोरगा घेतला म्हणून ट्विन्सचं नुकसान झालं असं तरी म्हणू नका हो.

रोखठोक_राजा

नाना, तुमच्या दुःखात सहभागी. पण 'मालक चिक्कू' हे तुम्हीच म्हणालात, माझं काम सोपं केलंत. माझा राग मावरवर कमी आणि या खेळीवर जास्त आहे. मालकाने एक घरचा पोरगा पुढे उभा केला, त्याचे कल्ले, त्याच्या शॅम्पूच्या जाहिराती, आणि त्याच्या आड पिचिंगवर खर्च करायचं टाळलं. लोक म्हणतात पैसे मावरने खाल्ले. मावरने नाही खाल्ले, मालकाने वाचवले.

कुडकुडे_सेंटपॉल

मग 'मालकाने' असं लिहायचं होतंत ना! परवा तर 'मावरने टीम खड्ड्यात घातली' असं लिहिलं होतंत, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

हिशेबी_हेनेपिन

मालकाचा विषय निघालाच आहे तर स्टेडियमचं कोणी का बोलत नाही? टार्गेट फील्डसाठी (ट्विन्सचं नवं स्टेडियम) हेनेपिन काउंटीत (मिनिॲपोलिसचा परिसर) ०.१५ टक्के सेल्स टॅक्स लावला. २००६ साली. एरवी असा टॅक्स लावायचा तर मतदान घ्यावं लागतं, इथे विधिमंडळाने खास सूट दिली, मतदान नाहीच. अब्जाधीश मालक पोलॅड यांच्या टीमसाठी आमच्या खिशातून! आणि मावरचा करार कधी झाला? मार्च २०१०, स्टेडियम उघडायच्या तोंडावर. योगायोग म्हणे.

कुडकुडे_सेंटपॉल

२० डॉलरवर ३ सेंट. थाळी खाल्लीत की तीन सेंट गेले, त्यावर एवढा आक्रोश? किराण्यावर टॅक्स नाही, कपड्यांवर नाही. तूरडाळ घेताना तुमचा एक पैसा स्टेडियमला जात नाही.

हिशेबी_हेनेपिन

तुम्ही बोलूच नका! तुम्ही सेंट पॉलला, रामसी काउंटीत. टॅक्स आम्ही भरायचा, टीम तुमच्या पोराची. आम्ही फर्निचर घेतलं, हॉटेलात खाल्लं, सगळ्यावर भरतोय २००७ पासून. प्रश्न तीन सेंटचा नाही, विचारलं का नाही याचा आहे. एवढं करून छप्पर पण नाही. एप्रिलमध्ये मॅच बघायला गेलो तर नाकातलं पाणी गोठलं, मुलं तिसऱ्या इनिंगला रडायला लागली.

प्राजक्ता_ईडनप्रेरी

मी पण हेनेपिनमध्येच आहे आणि मला चालतो तो टॅक्स. त्याच पैशातून लायब्ररीचे वाढीव तास आणि मुलांच्या खेळांना मदत आहे, ते पण सांगा की. आणि छप्पर हवं असेल तर जुना मेट्रोडोम होताच की, २०१० च्या डिसेंबरमध्ये बर्फाने फाटला तो.

हिशेबी_हेनेपिन

लायब्ररीला चिल्लर टाकली की लोक गप्प बसतात हे त्यांना बरोबर माहीत होतं. ताई, तुम्ही गप्प बसलात.

प्राजक्ता_ईडनप्रेरी

भाषा सांभाळा. मी गप्प बसलेली कोणी अजून पाहिली नाहीये, माझ्या घरी विचारा.

ऑनसाइटवाला

पॉपकॉर्न घेऊन वाचतोय पण आता राहवत नाही. हिशेबी, नोव्हेंबर २००१ मध्ये लीगच्या सगळ्या टीम-मालकांनी मिळून दोन टीम बंद करायचं ठरवलं होतं, त्यात ट्विन्सचं नाव होतं आणि पोलॅड स्वतः तयार होते. मेट्रोडोमचा करार पुरा करा असं हेनेपिनच्या न्यायाधीशांनी बजावलं म्हणून टीम वाचली. मावरचा ड्राफ्ट त्याच्या पाचच महिने आधी. म्हणजे ज्या टीमने गावचा पोरगा घेतला ती टीमच राहील की नाही याचा पत्ता नव्हता. हे आठवलं की कळतं लोक त्याला एवढं का धरून होते.

मी २००९ मध्ये भारतातून नवीन आलेलो, ऑफिसमध्ये कोणी लंचला विचारायचं नाही. त्या वर्षीची डेट्रॉइटविरुद्धची १६३ वी (टाय तोडायची जादा) मॅच, १२ इनिंग, ६-५. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एक म्हातारे गृहस्थ मला, बेसबॉलमधलं ढेकळ न कळणाऱ्या माणसाला, पार्किंगपर्यंत मावर समजावत आले. त्या आठवड्यात पहिल्यांदा माणसांत आल्यासारखं वाटलं. त्यानंतर लगेच न्यूयॉर्कला ११ व्या इनिंगला त्याचा फटका सरळ सरळ फेअर पडला आणि अंपायरने फाउल दिला. तो अंपायर मला आजही भेटावा.

वानखेडे_पूर्व

मुंबईतून वाचतोय, बेसबॉल शून्य, पण भांडण ओळखीचं वाटलं. आमच्याकडे २०२४ ला रोहितची कॅप्टनशिप काढली म्हणून वानखेडेवर स्वतःच्याच टीमच्या हार्दिकला बू केलं पब्लिकने. निर्णय घेणारे वर एसीत, शिव्या खाणारा खाली उन्हात.

रोखठोक_राजा

वानखेडेभाऊंनी चार ओळीत माझा मुद्दा मांडला, मला तीन प्रतिसाद लागले.

कुडकुडे_सेंटपॉल

तुमचा नाही, माझा मुद्दा मांडला त्यांनी! खेळाडूला झोडपू नका, हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय.

आणि राजा, ३० सप्टेंबर २०१८ ची मावरची शेवटची मॅच बघा एकदा. शेवटच्या बॅटिंगला डबल मारला, मग नवव्या इनिंगला पाच वर्षांनी कॅचरचं सामान चढवून आला, एक बॉल पकडला आणि गेला. समोर व्हाइट सॉक्सचा मोंकाडा, त्यानेही बॅट हलवली नाही. आख्खं स्टेडियम रडत होतं. त्याला ४ होमरनचा हिशेब विचारा.

रोखठोक_राजा

रडण्यावर पैसे देत नाहीत. बरं, तुमच्या समाधानासाठी: २००९ चा मावर मोठा होता, हॉल ऑफ फेमला शोभतो, लिहून घ्या. आत गेला ७६.१ टक्के मतांनी, पाहिजे होती ७५, म्हणजे चार मतं जास्त. तेवढीच माझी शंका.

पण मग घरच्या पोराचं प्रेम सगळ्यांना सारखं लावा ना. लुई वारलंड नॉर्थ सेंट पॉलचा, भाऊसुद्धा मेजर लीगमध्ये खेळलेला. जुलै २०२५ ला टोरंटोला देऊन टाकला आणि पोरगा वर्ल्ड सिरीजमध्ये (मेजर लीगच्या फायनलमध्ये) त्यांच्याकडून बॉलिंग करत होता. तेव्हा कुठे होते 'आपला पोरगा' वाले?

कुडकुडे_सेंटपॉल

आम्ही त्याही वेळी बोंबललो होतो, तुम्ही तेव्हा फॅन्टसी लीगमध्ये बिझी होता. आणि त्याच मालकांनी आधी टीम विकायला काढली, मग म्हणाले नाही विकत. यावर तुमचं-माझं एकमत आहे हे मला फार त्रासदायक वाटतंय.

हिशेबी_हेनेपिन

विकली असती तर स्टेडियमला लागलेले आमचे पैसे परत मिळाले असते का? याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

प्राजक्ता_ईडनप्रेरी

संपादक मंडळ, टॅक्सची चर्चा वेगळ्या धाग्यात हलवा बाई, मूळ विषय पार राहिला बाजूला.

हिशेबी_हेनेपिन

टॅक्सचे प्रतिसाद जास्त आहेत. मावरचा वेगळा काढा.