टाकी भरूनही शेवटच्या गल्लीत पाणी का येत नाही?

टाकी रोज भरते, तरी वरच्या आळीला पाणी पोचत नाही, म्हणून नवीन बोअर घ्या असा सल्ला अनेकदा दिला जातो. माण-खटावसारख्या दुष्काळी भागात आधी गळती मोजा; बोअरचा खर्च कदाचित वाचेल.

माणशी ५५ लिटर धरले तर ९०० वस्तीला रोज ४९,५०० लिटर, म्हणजे ५० हजारांची टाकी पुरते. रात्री ११ ला घरोघरचे नळ बंद करायला लावा, टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह उघडा ठेवा, पट्टीने पातळी घ्या, १ वाजता परत घ्या. पाण्याची उंची ३ मीटर असलेल्या ५० हजारांच्या टाकीत १ सेंमी म्हणजे साधारण १६७ लिटर. १५ सेंमी उतरली तर दोन तासांत अडीच हजार लिटर जमिनीत! मग एकेक झोनचा व्हॉल्व्ह बंद करत गळका भाग शोधा.

गळती नसेल तर नळाला थेट लावलेल्या मोटारी बघा. त्यांच्या ओढीने लाइनमधला दाब शून्याखाली जातो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत येतं. मोटार जप्तीचा ठराव ग्रामसभेत सहज होतो, अंमल करताना भाऊबंदकी आडवी येते. वरच्या आळीला स्वतंत्र वेळ द्या, तेवढा वेळ खालचे व्हॉल्व्ह बंद. चढावर एअर व्हॉल्व्ह (पाइपात अडकलेली हवा बाहेर सोडणारा) हवाच.

घाण पाणी आत येण्याचा धोका असतो म्हणून क्लोरीनही नीट हवं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) हजार लिटरला ५ ग्रॅम. बादलीत कालवून निवळी टाकीत, अर्धा तास थांबून सोडा. ओटी टेस्ट (पाण्यात उरलेलं क्लोरीन तपासणारी) मात्र टाकीखाली नको, शेवटच्या नळावर घ्या; तिथे ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन दिसलंच पाहिजे.