'ॲक्सेस'ला मराठीत काय म्हणायचं? (देशाबाहेरचा डिजिटल पुरावा)

अनुवादक: एका लेखाचं मराठी करतेय, विषय फौजदारी केसमधल्या डिजिटल पुराव्याचा. म्हणजे गुन्हा एका देशात घडला, आरोपी तिथलाच, फिर्यादीही तिथलाच, पण ईमेल नाहीतर चॅट पडलेत दुसऱ्याच देशातल्या कंपनीकडे. लेखात सगळीकडे 'ॲक्सेस' हा एकच शब्द आहे. 'प्रवेश' लिहिलं तर पोलीस सर्व्हरच्या खोलीत शिरल्यासारखं वाटतं, 'उपलब्धता' लिहिलं तर कोणी काही करतंय असंच वाटत नाही. काय वापरावं?

वाचक: 'पोहोच' चालेल की. सगळ्यांना कळतो.

कोर्टातला: 'पोहोच' नको, कोर्टाच्या कागदात समन्सची पोच म्हणजे मिळाल्याची सही, उगाच घोटाळा होईल.
पण माझं म्हणणं असं की एकच शब्द शोधूच नका. इंग्रजी शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी लपल्यात आणि मराठीत क्रियापद लिहायला घेतलं की कोण काय करतंय ते सांगावंच लागतं, हा आपला फायदा आहे, तो का सोडायचा.
पहिली गोष्ट, पोलीस स्वतःच बसल्या जागेवरून दुसऱ्या देशातला डेटा बघतात किंवा उतरवून घेतात. सायबर गुन्ह्यांबद्दलचा २००१ चा आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट करार आहे, त्यातल्या कलम ३२ मध्ये याला फार थोडी जागा आहे, एकतर डेटा सगळ्यांना खुला असला पाहिजे, नाहीतर तो द्यायचा कायदेशीर अधिकार ज्याला आहे त्यानं स्वखुशीनं संमती दिलेली पाहिजे. इथे 'थेट घेणे' लिहा. दुसरी, एका देशाची तपास यंत्रणा किंवा कोर्ट दुसऱ्या देशातल्या कंपनीला सरळ हुकूम पाठवतं की हे हे हजर करा. युरोपियन युनियनचा २०२३ चा नियम हाच आहे, ऑगस्ट २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख, कंपनीला दहा दिवस आणि जिवावर बेतलेलं प्रकरण असेल तर आठ तास. इथे 'सादर करण्याचा आदेश'. तिसरी, सरकार सरकारला विनंती करतं आणि मग तिथलं कोर्ट तिथल्या कायद्यानं ऑर्डर काढतं. ही सगळ्यात जुनी आणि संथ वाट, कित्येक महिने जातात, आणि 'विनंतीपत्र' हा शब्द त्याला आधीपासून रुळलेला आहे. आता या तिन्हींना 'ॲक्सेस मिळवणे' लिहिलंत तर आरोपीच्या वकिलानं हरकत कशावर घ्यायची तेच वाचणाऱ्याला कळणार नाही.

अनुवादक: एवढा फरक पडतो का हो शब्दानं? शेवटी डेटा हातात येतो तो येतोच ना.

कोर्टातला: पडतो, आणि अमेरिकेत वर्षानुवर्षं भांडण चाललं ते याच्यावरच. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं मायक्रोसॉफ्टला वॉरंट दिलं, ईमेल होते डब्लिनच्या सर्व्हरवर. कंपनी म्हणाली ही आयर्लंडमधली जप्ती आहे आणि अमेरिकन वॉरंट तिथे चालत नाही. सरकार म्हणालं जप्ती कसली, तुम्ही अमेरिकेत बसून ते उघड करायचेत, म्हणजे कृती अमेरिकेतच होते. आता डेटा तोच, ईमेल तेच, पण 'जप्त करणे' म्हटलं की कृती आयर्लंडमध्ये जाते आणि 'उघड करणे' म्हटलं की अमेरिकेत येते. २०१६ ला अपील कोर्टानं कंपनीचं ऐकलं, सुप्रीम कोर्टात युक्तिवादही झाला, तेवढ्यात मार्च २०१८ मध्ये 'क्लाउड ॲक्ट' हा अमेरिकन कायदा आला, त्यात स्पष्ट लिहिलं की डेटा देशात असो नाहीतर बाहेर, कंपनीच्या ताब्यात असेल तर द्यायचा, आणि महिन्याभरात केस निकाली निघाली कारण वादच उरला नाही. म्हणून मी म्हणतो की जिथे कंपनी देतेय तिथे चुकूनसुद्धा 'जप्ती' लिहू नका.

तांत्रिक: मला 'जतन' या शब्दाबद्दल बोलायचंय कारण तिथे फारच गोंधळ होतो. दोन गोष्टी आहेत. एक, कायद्यानं कंपनीला सगळ्याच ग्राहकांचा डेटा अमुक महिने साठवायला लावणं. दुसरी, एका ठरावीक खात्याचा आत्ता जो डेटा आहे तो पुसला जाऊ नये म्हणून बाजूला राखायला सांगणं, बुडापेस्ट करारात याला जास्तीत जास्त ९० दिवस दिलेत आणि पुढे वाढवता येतात. मराठीत दोन्हीला 'जतन' लिहितात. पहिलीत संशय नसलेली माणसंही येतात आणि दुसरीत एकच खातं, केवढा फरक आहे! मी पहिलीला 'साठवणूक' आणि दुसरीला 'राखून ठेवणे' म्हणेन.
आणि राखून ठेवलं म्हणजे पोलिसांना दिलं असं नाही, ते मागायला वेगळी ऑर्डर लागते, हे भाषांतरात दिसलंच पाहिजे.

वाचक: 'गोठवणे' कसं वाटतं?

तांत्रिक: बँकेचं खातं गोठवलं की व्यवहार बंद होतात. इथे माणूस खातं वापरतच असतो, बऱ्याचदा त्याला पत्ताही नसतो, कंपनी फक्त प्रत काढून ठेवते. म्हणून नको.
तसंच 'ट्रॅफिक डेटा'ला कोणी 'वाहतूक डेटा' लिहिलेलं बघितलं की वाईट वाटतं, कोण कोणाशी कधी किती वेळ बोललं एवढंच असतं ते, 'संपर्काचा तपशील' म्हणा. नाव, पत्ता, बिल कोणाच्या नावावर, ही 'खातेदाराची माहिती'. आणि आतलं जे लिहिलं-बोललं ते 'मजकूर' नको कारण त्यात फोटो आणि आवाजही येतात, 'आशय' बरा. या पायऱ्या एकमेकींत मिसळू देऊ नका, जितकं आत जाल तितकी परवानगी कडक होत जाते. बुडापेस्टच्या २०२२ मधल्या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे कराराला जोडलेल्या पुरवणीत, कंपनीकडून थेट मागता येते ती खातेदाराची माहिती, आशय नाही.

अनुवादक: हे फार उपयोगी आहे. आणि 'सीमापार' ठेवू का?

कोर्टातला: 'सीमापार' वाचलं की लोकांना दहशतवाद आणि घुसखोरी आठवते, त्या शब्दाला तो वास लागलाय. शिवाय डेटा एका जागी नसतो, त्याचे तुकडे दोन-चार देशांत असू शकतात, कधी कंपनीलाही लगेच सांगता येत नाही कुठला तुकडा कुठे आहे. 'हद्द' हा पोलिसांचा रोजचा शब्द आहे आणि त्यात जमिनीइतकाच अधिकारही येतो. 'देशाच्या हद्दीबाहेरचा' लिहा, नुसतं 'हद्दीबाहेरचा' नको, नाहीतर शेजारचं पोलीस स्टेशन वाटेल.

वाचक: एक राहिलं, 'दुहेरी गुन्हेगारी' असं मी एका ठिकाणी वाचलं, ते काय?

कोर्टातला: चुकीचं भाषांतर आहे ते, वाचून वाटतं माणसानं दोन गुन्हे केले. अर्थ असा की मागणाऱ्या देशात आणि देणाऱ्या देशात, दोन्हीकडे ती कृती गुन्हा असली पाहिजे. एखाद्या देशात सरकारवर टीका हाच गुन्हा असेल तर दुसरा देश त्याच्या आधारावर टीका करणाऱ्याचे ईमेल द्यायला नकार देऊ शकतो, तो याच अटीवर. म्हणून लांब झालं तरी चालेल, 'दोन्हीकडे गुन्हा असण्याची अट' असंच लिहा.