वर्षाचे फोनभाडे एकदम भरावे का? (भुसावळमधील एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

नाना (अ-२०४): सचिवसाहेब, फोन-इंटरनेटच्या लाइनचे वर्षभराचे भाडे प्रत्येकाने रविवारपर्यंत सोसायटीच्या खात्यात भरावे आणि सोसायटीने ते एकरकमी कंपनीला द्यावे, ही सूचना सकाळी वाचली. हा निर्णय कोणत्या सभेत झाला? मागच्या खेपेस ज्या लाइनवाल्यांनी आगाऊ पैसे घेऊन कार्यालयाला कुलूप लावले, त्यांच्याकडून एक रुपयाही परत आलेला नाही, हे या ग्रुपवर सर्वांना ठाऊक आहे.

सचिव: नाना, हा निर्णय नाही, प्रस्ताव आहे. वीस घरांनी एकत्र पैसे भरले तर एक महिन्याचे भाडे माफ होईल, असे कंपनीच्या एजंटाने सांगितले, म्हणून मी तो येथे मांडला.

आप्पा (ब-१०१): अकरा महिन्यांच्या पैशांत बारा महिने फोन आणि इंटरनेट मिळणार आहे. रविवार शेवटचा दिवस आहे.

ताई (क-३०२): मी हिशेब मांडते. महिन्याचे भाडे ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर दरमहा ५९० आणि वर्षाचे ७,०८० रुपये होतात. एकदम भरल्यास ६,४९० रुपये लागतात, म्हणजे ५९० रुपये वाचतात. तेच पैसे बचत खात्यात ठेवून दरमहा काढत गेले, तर वर्षभरात शंभर रुपयेही व्याज सुटत नाही. त्यामुळे निव्वळ व्याजाचा विचार केला तर आगाऊ भरणेच फायद्याचे आहे.

नाना: ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे, परंतु सेवा बाराही महिने चालू राहील हे त्यात गृहीत धरले आहे. रस्ता खोदताना केबल तुटली आणि लाइन महिनाभर बंद राहिली, तर तुमचे ५९० रुपये तिथेच संपतात. दरमहा भरणारा माणूस पुढचे बिल थांबवू शकतो. ज्याने वर्षाचे पैसे आधीच देऊन टाकले, त्याला मात्र केवळ विनंती करता येते.

भाऊ (अ-१०३): माझी अडचण वेगळी आहे. मी रेल्वेत आहे. उद्या अकोल्याला किंवा खंडव्याला बदली झाली, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील की जोडणी नव्या पत्त्यावर हलवता येईल, हे एजंटाला विचारले होते. त्याने उत्तर दिले नाही. वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणीत असलेल्या आपल्या इतर सभासदांनाही हा प्रश्न पडणारच.

आप्पा: ज्यांची बदली होणार आहे त्यांनी भरू नये, पण बाकीच्यांचे नुकसान कशासाठी? आमच्याकडे पैसा कापूस विकल्यावर येतो. त्या वेळी वर्षाची देणी उरकून टाकली की पुढे पेरणीच्या दिवसांत दरमहा हात आखडत नाही. अकरा महिन्यांच्या पैशांत बारा महिने मिळतात, हे पुन्हा सांगतो.

काकू (ब-२०३): आप्पा, तुमचे बरोबर असेल, पण माझे घर पेन्शनवर चालते. साडेसहा हजार एकदम गेले की त्या महिन्याची औषधे मागे पडतात. आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला एक्स्चेंजमधून वीज मिळत असे, त्यामुळे घरातली वीज गेली तरी तो चालायचा. आता फायबरचे यंत्र घरच्या विजेवर चालते, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे वीज गेली की फोनही जातो. पुण्याहून मुलाचा फोन लागला नाही की तो घाबरून शेजाऱ्यांना विचारत बसतो. मी भाडे भरते ते या एका फोनसाठी.

आप्पा: काकू, त्यासाठी इन्व्हर्टर लावता येतो. नाना प्रत्येक प्रस्तावात खोट काढतात, लिफ्टच्या वेळीही त्यांनी हेच केले.

नाना: लिफ्टच्या देखभालीचे पैसे वर्षाचे एकदम न देता तिमाहीने द्यावेत, एवढेच मी म्हणालो होतो. ते तुम्हीच मान्य केले आणि त्यानंतर तक्रार केल्यावर कारागीर वेळेवर येऊ लागला. तोच न्याय येथे का नको, याचे उत्तर द्यावे.

ताई: दोघांनीही कृपया थांबावे. कंपनीने ठरावीक मुदतीचे पैसे आधी घेतले, तर त्या मुदतीत तिला दर वाढवता येत नाही, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, नियम आहे. आगाऊ भरण्याचा हा खरा लाभ असून त्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. लाइन बंद राहण्याविषयी सांगायचे तर ट्रायच्या २००९ च्या नियमावलीत लँडलाइनची दुरुस्ती तीन दिवसांहून अधिक लांबल्यास सात दिवसांचे, सात दिवसांहून अधिक लांबल्यास पंधरा दिवसांचे आणि पंधरा दिवसांहून अधिक लांबल्यास महिन्याचे भाडे माफ करण्याची तरतूद होती. २०२४ मध्ये नवी नियमावली आली, म्हणून आज कोणती सूट लागू आहे हे कंपनीकडून लेखी घ्यावे आणि प्रत्येक तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगाकडे नेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. मात्र पावती स्वतःच्या नावाची हवी. सोसायटीने एकरकमी पैसे भरले, तर प्रत्येक घराकडे कोणता पुरावा राहील?

नाना: माझा मूळ आक्षेप हाच होता.

आप्पा: पावती प्रत्येकाच्या नावाने मिळाली तर माझी काहीच हरकत नाही. परंतु रविवार शेवटचा दिवस आहे.

सचिव: सोसायटीच्या खात्यात पैसे घेण्याची सूचना मी मागे घेत आहे. बदली झाल्यास परतावा, बंद काळातील सूट आणि स्वतंत्र पावती या तीन गोष्टी कंपनीच्या पत्रावर मिळाल्यानंतर ज्याला वर्षाचे भरायचे आहेत त्याने थेट भरावेत. काकूंसाठी तिमाही भरण्याची सोय आहे का, हेही मी विचारतो.

काकू: सचिवसाहेब, वीज गेल्यावर त्यांचे यंत्र बॅटरीवर किती वेळ चालते, तेही त्याच पत्रात लिहून घ्या.

आप्पा: आणि रविवारची मुदत वाढवून मागा.