मदत हवी आहे: लेस्ली फिलिप्सचा एकच सिनेमा दाखवायचा तर कोणता?

चष्मेबहाद्दर:
मंडळी, आमचा सिनेमावेड्यांचा एक छोटा कट्टा आहे. दर महिन्याला एक नट घ्यायचा, त्याचा एक सिनेमा बघायचा आणि नंतर चहावर भांडायचं. या खेपेला पाळी माझी, आणि मी लेस्ली फिलिप्सचं नाव देऊन बसलोय. "हा कोण बुवा?" असा सूर निघाला. हॅरी पॉटरमध्ये पोरांना कुठल्या हाउसमध्ये घालायचं ते ठरवणाऱ्या टोपीचा आवाज याचाच, असं सांगितल्यावर जरा गप्प झाले.

बहुतेक लोक त्याला ओळखतात ते ‘कॅरी ऑन’ या चावट ब्रिटिश विनोदी सिनेमांच्या मालिकेतला रंगेल गडी म्हणून. बाई दिसली रे दिसली की लांबवलेलं ते ‘हेलोऽऽ’. पण सुरुवातीला त्या मालिकेतले त्याचे सिनेमे तीनच: १९५९ चे ‘नर्स’ आणि ‘टीचर’, १९६० चा ‘कॉन्स्टेबल’. एकाच छापाच्या भूमिकांत अडकायला नको म्हणून पठ्ठ्या बाहेर पडला, तो थेट १९९२ साली ‘कोलंबस’मध्ये राजा फर्डिनांड होऊन परतला. (‘कोलंबस’ कृपया कुणी सुचवू नका.)

मला त्याची ही साहेबगिरी दाखवायची आहे, कारण ती मुळातली नव्हतीच. जन्म १९२४ चा, लंडनच्या टॉटनहॅममधल्या गरीब घरातला. वडील लहानपणीच गेले. आईने इटालिया कॉन्टीच्या नाट्यशाळेत घातलं, तिथे बोलण्यातली कॉकनी (लंडनच्या कामगारवस्तीतली बोली) घासूनपुसून काढली गेली. युद्धात डरहॅम लाइट इन्फन्ट्रीत अधिकारीही झाला. म्हणजे तो उच्चभ्रू सूर हीच त्याची पहिली भूमिका, आणि ती त्याने जन्मभर वठवली. म्हणून पडद्यावर तो बायकांच्या मागे लागतो तेव्हा मला लंपटपणापेक्षा बतावणीच जास्त दिसते.

हे कळेल असा सिनेमा कोणता? कट्ट्यावर दोन काकू आहेत. चावट विनोदाला त्यांची ना नाही, रटाळपणाला आहे. सबटायटल्स असतील तर सोन्याहून पिवळं.

पडद्याआड:
डोळे झाकून ‘नर्स’ दाखवा. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त चाललेला सिनेमा. फिलिप्स यात जॅक बेल, पायाच्या अंगठ्याशी वाढलेलं हाड काढून घ्यायला आलेला. मैत्रिणीबरोबर सहलीचा बेत ठरलेला आणि ऑपरेशन लांबलेलं. मग रात्री शॅम्पेन ढोसून वॉर्डातले पेशंटच ऑपरेशनला निघतात. दुसरा एक पेशंट झालेला केनेथ विल्यम्स पुस्तकात बघून सर्जन होतो! घाई सगळी बेलसाहेबांची, पण प्रत्यक्ष सुरी निघाल्यावर त्यांचा रुबाब कसा उतरत जातो ते बघा. तुम्ही म्हणता ती बतावणी तिथे लख्ख दिसते. पुढे लाफिंग गॅस सुटतो आणि सगळाच आनंदीआनंद.

थेम्सकाठचा:
मी नाही सहमत. ‘नर्स’मध्ये दहा जणांची गर्दी, फिलिप्स वाट्याला येतो किती? ‘डॉक्टर इन क्लोव्हर’ (१९६६) घ्या, तिथे डॉ. ग्रिम्सडाइक म्हणून तोच नायक. तरुण फिजिओथेरपिस्टवर भाळलाय, तिला तो म्हातारा वाटतो, म्हणून याचा तरुण दिसण्याचा सगळा आटापिटा. समोर जेम्स रॉबर्टसन जस्टिसने वठवलेला बडा सर्जन सर लॅन्सलॉट स्प्रॅट आहेच, नुसता गरजणारा.

जाता जाता: ‘कॅरी ऑन’चा निर्माता पीटर रॉजर्स आणि ‘क्लोव्हर’ ज्यातला आहे त्या ‘डॉक्टर’ मालिकेची निर्माती बेटी बॉक्स हे नवरा-बायको. पहिल्या मालिकेचा दिग्दर्शक जेराल्ड थॉमस, दुसरीचा त्याचा सख्खा भाऊ राल्फ. दोन्हीचं काम पाइनवुड स्टुडिओत. एका घरातल्या दोन चुलीच म्हणा ना!

रेडिओवेडी:
सिनेमा कुठलाही दाखवा, पण आधी दहा मिनिटं ‘द नेव्ही लार्क’ ऐकवा. बीबीसी रेडिओवर १९५९ ते १९७७ चाललेली मालिका. हा त्यात बोटीचा नेव्हिगेटर आणि बोट सतत कशावर तरी आपटत असते. चेहरा नाही, मिशी नाही, नुसत्या आवाजावर सगळी मदार.

आणि शेवटी ‘व्हीनस’ (२००६) विसरू नका. पीटर ओटूल आणि फिलिप्स, दोघेही थकलेले नट. चर्चमध्ये ते दोन म्हातारे एकमेकांना धरून नाचतात, तेवढाच प्रसंग लावा. सहायक अभिनेता म्हणून बाफ्टा या ब्रिटिश सिने-पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं त्याला या भूमिकेसाठी.

चष्मेबहाद्दर:
सगळ्यांचे आभार. थेम्सकाठचे, तुमचा मुद्दा पटतोय, पण काकूंना ऑपरेशनचा प्रसंग जास्त भावेल, म्हणून ‘नर्स’ नक्की. आधी रेडिओ, नंतर ‘व्हीनस’मधला नाच. ‘डॉक्टर इन क्लोव्हर’ मी एकटा बघून घेतो.

आता पुण्यात कुणाकडे ‘नर्स’ची सबटायटलवाली डीव्हीडी आहे का? व्यनि (खासगी निरोप) करा, मी येऊन घेऊन जाईन आणि आठवड्यात परत करीन.