वीज वाचवायला फ्रंट लोडच हवं, हा हट्ट कशासाठी?

शोधक (धागाकर्ता)

नवीन वॉशिंग मशीन घ्यायचंय म्हटलं की जो तो सांगतो, "फ्रंट लोड घ्या, पाणी वाचतं, वीज वाचते." पाण्याचं मान्य. आडव्या ड्रममध्ये कपडे तळाच्या थोड्याशा पाण्यात भिजतात, वर उचलले जातात आणि खाली आपटतात. त्यामुळे सात किलोची धुलाई साधारण ५० लिटरमध्ये भागते. टॉप लोडच्या उभ्या ड्रमला कपडे तरंगतील इतकं पाणी लागतं, तिथे आकडा सहज १०० च्या वर जातो.

विजेचं मात्र मला पटत नाही. मशीनची वीज मुख्यतः पाणी तापवण्यात जाते. ५० लिटरपैकी फक्त साबणाचं पाणी तापतं; ते १५ लिटर धरलं तर २० अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.७ युनिट लागतं, शाळेतल्या सूत्राने काढून बघा. थंड धुलाईत मोटार आणि पंप मिळून त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातही काम उरकतं. आता फ्रंट लोडमध्ये हीटर असतोच, आणि कॉटन प्रोग्रॅम लावला की बऱ्याच मशीनवर ४० किंवा ६० अंश आपोआप निवडले जातात. म्हणजे वीज वाचवायला मशीन आणायचं आणि दर धुलाईला पाणी तापवायचं!

ज्यांना गरम धुलाई नको आहे त्यांनी सरळ हीटर नसलेलं टॉप लोड घ्यावं. इन्व्हर्टर मोटारच्या (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या) स्टिकरलाही फार भुलू नये. ती आवाज कमी करते हे खरं, पण ती जी वीज वाचवते ती मुळातल्या छोट्या वाट्यातली.

आडवाड्रम

पूर्ण असहमत. हीटर आहे म्हणून तो लावलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? तापमान 'थंड'वर करायला एक बटण लागतं. आणि उद्या तेलकट डाग किंवा आजारी माणसाच्या चादरी निघाल्या की तुमच्या टॉप लोडमध्ये गीझरचं पाणी बादल्यांनी ओतणार का? तेही दुप्पट पाणी तापवून?

शिवाय पाणी म्हणजेही वीजच. ते शुद्ध करायला, वर चढवायला आणि सांडपाणी म्हणून पुन्हा साफ करायला पंप चालतातच की. तुमच्या मीटरवर दिसत नाहीत एवढंच.

घडीमोड

टॉप लोडवाल्यांना एक साधा प्रश्न. कपडे वाळवता कशावर? दोरीवर असतील तर ठीक. पण ड्रायर वापरत असाल तर खरा हिशेब पिळण्याचा आहे. साध्या हीटरच्या ड्रायरमध्ये एक लिटर पाण्याची वाफ करायला कमीत कमी ०.६ युनिट जातं. मिनिटाला १४०० फेऱ्यांनी पिळलेल्या कपड्यात त्यांच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरतं, ८०० फेऱ्यांत बरंच जास्त. ते उरलेलं पाणी मोटारीने काढणं स्वस्त, ड्रायरने काढणं महाग. दोरीवाल्यांनी मात्र जास्त फेऱ्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत. कपडे लवकर वाळतील आणि चुरगळतीलही.

मीटरवाचक

इको प्रोग्रॅम तीन-तीन तास चालतो, मग वीज कशी वाचणार, ही शंका इथे कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच लिहितो. हेन्केल कंपनीतल्या हर्बर्ट सिनरने १९५९ मध्ये धुलाईचं एक वर्तुळ मांडलं: तापमान, वेळ, घासणं-आपटणं आणि रसायन. एकाचा वाटा कमी केला की दुसऱ्याचा वाढवावा लागतो. इको प्रोग्रॅम तापमान कमी करतो आणि भरपाई वेळेने करतो. ड्रम थांबत-थांबत फिरतो, त्याला वीज किरकोळ लागते. उलट पाऊण तासाचा 'क्विक' प्रोग्रॅम भरलेल्या ड्रमवर गरम पाण्यात लावलात तर घाईची किंमत विजेत मोजता.

मशीनवरचं वीज-वापराचं लेबल वाचताना त्यावरचा आकडा कोणत्या प्रोग्रॅमचा आहे ते आधी बघा. युरोपात २०२१ पासून लागू झालेल्या ए ते जी लेबलवर वीज १०० धुलाईंची असते, पाणी एका धुलाईचं, आणि दोन्ही 'इको ४०-६०' या प्रोग्रॅमचे. तुम्ही रोज तो लावणारच नसाल तर त्या अक्षराला अर्थ किती?

खटपट्या

सगळे वीज-पाण्यावर बोलताय, दुरुस्तीचं कुणी काढेना. आजकाल अनेक फ्रंट लोडचा बाहेरचा टब कारखान्यातच कायमचा जोडून टाकलेला असतो. बेअरिंग गेलं की फक्त बेअरिंग बदलता येत नाही, अख्खा टब बदला. ड्रमच्या मागचा ॲल्युमिनियमचा तीन हातांचा आधारही डिटर्जंटच्या क्षारांनी खाल्ला जातो. मशीन भंगारात गेलं तर ते घडवताना लागलेलं पोलाद आणि वीज कुठल्या स्टारमध्ये मोजायची? घेण्याआधी विचारा, टब उघडतो की नाही. ठोस उत्तर मिळालं नाही तर पुढचं मॉडेल बघा.

माझं मत सेमी ऑटोमॅटिकला. साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. कुठलं ऑटोमॅटिक हे करेल?

आडवाड्रम

@खटपट्या, टबचा मुद्दा मान्य, सेमीचा नाही. धुताना वाचवलेलं पाणी तुम्ही खळबळताना घालवता. पिळायच्या भांड्यात कपडे टाकून वरून नळ सोडून ठेवला की किती गेलं ते मोजतं कोण?

खटपट्या

नळ मी बंद करतो हो. मशीनला दोष कशाला?

स्पष्टवक्ती

प्रेशर तपासलंत का कुणी? पाण्याची टाकी मशीनच्या नळापेक्षा तीन मीटर वर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. काही मशीन तेवढ्यावर चालतात, काही पाणी भरता भरता एरर दाखवून थांबतात. माहितीपत्रकात किमान दाब लिहिलेला असतो, तो स्टारच्या आधी वाचा.

आणि नऊ किलोचं मशीन घेऊन त्यात चार शर्ट धुणाऱ्यांनी बचतीवर बोलूच नये. वजन ओळखून पाणी कमी घेणारी मशीन असली तरी अर्ध्या ड्रमला खर्च अर्धा होत नाही. पावडर जास्त टाकली की फेस होतो, फेस दिसला की बरीच मशीन स्वतःहून एक रिन्स वाढवतात. गेलं तुमचं ५० लिटरचं गणित.

शोधक

@आडवाड्रम, बटण असतं हे खरं, पण घरात मशीन लावणारी माणसं चार. बाकीचे तिघं पहिला प्रोग्रॅम निवडून सुरू करतात. मला माणसांच्या सवयीला धरून मशीन निवडायचंय.

आणि कायम थंड पाण्यावर फ्रंट लोड चालवलंत तर वासाचं काय? दाराच्या रबरात पाणी आणि मळ साचतो, चिकट थर धरतो.

आडवाड्रम

महिन्यातून एकदा ६० अंशांवर रिकामा ड्रम फिरवायचा, धुलाई झाली की दार उघडं ठेवायचं. एका गरम फेरीने महिन्याचं बिल हलत नाही. आणि तुमच्या टॉप लोडच्या बाहेरच्या टबमध्ये काय साचतं ते दिसत नाही म्हणून वास नाही असं समजू नका.

शोधक

रबराची घडी पुसायचं काम कुणाकडे, हे तुमच्या घरी ठरलंय का? आमच्याकडे ठरेपर्यंत मी टॉप लोडवरच.