नोकरी कधी सोडावी: ऑर्डर हातात आल्यावर, की पैसे खात्यात आल्यावर?

लेथवाला_भोसरी

गेल्या गुरुवारी माझा जुना सहकारी शेडवर आला होता. भोसरी एमआयडीसीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, मशीन बंद असतं, बोलायला निवांत मिळतं. राजीनामा लिहून खिशात घेऊनच आला होता. एका कंपनीने त्याला तोंडी सांगितलंय, "मशीन घे, महिन्याला चार लाखांचं काम देतो." त्याने विचारलं, "देऊन टाकू का?" मी म्हटलं, "आत्ता नको." त्याला ते फार लागलं. चहा तसाच ठेवून गेला. तेव्हापासून मनात तेच घोळतंय, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमचं मत वेगळं असेल तर मोकळेपणी सांगा.

मी २०१८ च्या जुलैमध्ये नोकरी सोडली. चौदा वर्षं क्वालिटीत होतो, हातात ६२ हजार यायचे. जुनी व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) १४ लाखांना घेतली, ८०० फुटांचा गाळा भाड्याने घेतला, दोन ऑपरेटर ठेवले. पंपाला लागणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्लँजची (जोडाच्या चकत्यांची) ऑर्डर हातात होती. त्या कागदाच्या जोरावरच धीर केला. पहिला माल सप्टेंबरमध्ये गेला. पेमेंट ६० दिवसांनी असं ठरलं होतं, खात्यात पैसे आले जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर भाडं, दोघांचे पगार, लाइट बिल, कटरचे इन्सर्ट (बदलायची पाती) आणि दर पाच तारखेचा बँकेचा हप्ता, सगळं घरातून. पीएफवर भिस्त होती, पण तेव्हाच्या नियमाने नोकरी सुटल्यावर दोन महिने थांबल्याशिवाय तो पूर्ण निघत नव्हता. दिवाळीला ऑपरेटरना बोनस देता यावा म्हणून बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या.

दुसरी गोष्ट पैशाची नाही, पण मला ती जास्त मोठी वाटते. मे २०१९. तीनशे फ्लँज पाठवले, सगळे परत. ५० मिलिमीटरचा बोअर (मधलं भोक) १० मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने लहान. माझा विश्वासच बसेना, कारण प्रत्येक नग मी स्वतः मोजला होता. रात्री गेज (मोजायचं साधन) घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. शेडमध्ये ३८ अंश तापमान, त्यांच्या तपासणीच्या खोलीत २०. गेज सेट करायची रिंग स्टीलची, पार्ट अ‍ॅल्युमिनियमचा. उन्हाने दोन्ही फुगतात, पण अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. माझ्याकडे बरोबर दिसणारा बोअर त्यांच्याकडे थंड होऊन आवळला. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पुस्तकात शिकलो होतो. पण चौदा वर्षं एसी खोलीत मोजल्यामुळे ते कधी लक्षात ठेवावंच लागलं नव्हतं. बोअर लहान होता म्हणून पुन्हा कापता तरी आला, मोठा असता तर तीनशे नग भंगारात. तीन रात्री जागून माल दुरुस्त केला, वर डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) आली ती वेगळीच.

मी ज्याला माझं कसब समजत होतो, त्यातलं बरंचसं कंपनीच्या खोलीचं, कॅलिब्रेशनचं आणि स्टोअरवाल्याचं होतं. हे बाहेर पडल्यावरच कळतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: ऑर्डरच्या भरवशावर नोकरी सोडू नका. त्याच गिऱ्हाइकाचं एक तरी बिल, दुसऱ्याच्या मशीनवर काम करून घेऊन का होईना, पूर्ण वसूल होऊ द्या. ते किती दिवसांनी पैसे देतात ते बघा. मग सोडा.

घाणा_सांगली

दादा, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला नियम मला पटत नाही.

मी पतसंस्थेत नऊ वर्षं होते. २०२१ मध्ये सोडलं आणि लाकडी घाणा टाकला. आधी एक बिल वसूल होऊ दे म्हणत बसले असते, तर आजही काउंटरवरच असते. घाणा नोकरी सांभाळून चालत नाही. गिऱ्हाइकाला तो दिवसा फिरताना बघायचा असतो, शेंगदाणे स्वतःच्या हाताने ओतायचे असतात. संध्याकाळी सातनंतर कुलूप उघडून कोण येणार?

आणि उधारीचं म्हणाल, तर तो तुमच्या धंद्याचा स्वभाव आहे, सगळ्या धंद्यांचा नव्हे. माझ्याकडे बाटली हातात, पैसे हातात. पण म्हणून माझे पैसे मोकळे असतात असंही नाही. करडई निघते फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा वर्षभराची भरून ठेवली नाही, तर दिवाळीत दुप्पट त्रास. तुमचे पैसे गिऱ्हाइकाकडे अडकतात, माझे पोत्यांत. पहिल्या वर्षी मी शेंगदाणा तेलाचा भाव काढताना लिटरला अडीच किलो दाणे धरले, मजुरी धरली, बाटली धरली, आणि पेंड विसरले. पेंडीला गोठेवाल्यांकडून काय भाव येतो, त्यावर माझा नफा ठरतो, हे मला सहा महिन्यांनी कळलं. असं काही नोकरीत राहून कळलं असतं का? पाण्यात उतरल्याशिवाय पोहायला येत नाही, हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत.

तुमचा मित्र तयारी करूनच आला असेल. त्याची उमेद तुम्ही एका शब्दात मोडलीत, याचं वाईट वाटलं.

कोरेगावकर

ताई, उमेद मोडली नाही, घर वाचवलं. मी तर लेथवाल्यांच्याही पुढे जाऊन म्हणेन की सोडूच नये. आधी घरातल्या कुणाला तरी उभं करावं आणि आपण पगार चालू ठेवावा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. ते मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते आणि बेळगावात सायकलचं दुकान बघत होते भाऊ रामूअण्णा. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवायचे, रामूअण्णा विकायचे आणि लोकांना शिकवायचेही. पगार चालू असतानाच धंद्याची जमीन तयार होत होती. आज कुणीही उठतो आणि पहिल्या झटक्यात राजीनामा देतो.

घाणा_सांगली

कोरेगावकर, मग उरलेलं अर्धंही सांगा की. बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडलीच. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. "आधी बिल वसूल होऊ दे" हा नियम तिथे लावला असता, तर १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर कारखाना उभाच राहिला नसता. आमच्या सांगली जिल्ह्यातली ती किर्लोस्करवाडी, म्हणून जरा जास्त लागतं मला.

पर्चेसमधला

मी टेबलाच्या पलीकडे, कंपनीच्या खरेदी विभागात बसतो, म्हणून लिहितो. लेथवाले, तुम्ही उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) केली होती का? २०१८ मध्ये उद्योग आधार असेल. २००६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की सूक्ष्म आणि लघु उद्योगाला करारात काहीही ठरलं असलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. म्हणजे तुमची ६० दिवसांची अटच कायद्यात बसत नव्हती. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात ४३ बी (एच) हे कलम आलं. ठरलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत आणि वर्षअखेरीसही बाकी राहिली, तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा करता येत नाही. तेव्हापासून मार्च आला की आमच्या अकाउंट्समधले लोक स्वतःहून फोन करून विचारतात, "तुमचं उद्यम सर्टिफिकेट आहे का?"

नवीन माणसाने कायदा वाचून उतरावं, भीतीने थांबू नये. आणि प्रत्येक पर्चेसवाला पैसे अडवायलाच बसलेला नसतो. कित्येकदा बिलावर पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर चुकीचा असतो, माल पोचवल्याचं चलन जोडलेलं नसतं, आणि बिल पंधरा दिवस तसंच पडून राहतं. नोकरीतून आलेल्या माणसाला कागदाची ही किंमत कळत नाही, कारण तिथे ते काम दुसरं कुणीतरी करत असतं.

लेथवाला_भोसरी

साहेब, कागदाचं अगदी मान्य. माझी पहिली दोन बिलं पीओतल्या ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर न लिहिल्यामुळे अडली होती, ती चूक माझीच. कायद्याचंही मान्य. पण मनापासून एक विचारतो. माझं ७० टक्के काम तुमच्याकडून येतंय आणि मी थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तुमच्याविरुद्ध अर्ज टाकला, तर पुढच्या महिन्यात मला पीओ येईल? ज्याचं एकच गिऱ्हाईक आहे, त्याला कायदा वापरता येत नाही. मला तो पहिल्यांदा वापरता आला २०२२ मध्ये, गिऱ्हाइकं पाच झाल्यावर. तेव्हासुद्धा अर्ज केला नाही, नुसतं कलम लिहून मेल पाठवला आणि नऊ दिवसांत पैसे आले.

ताई, तुमचं पेंडीचं वाचून थांबलो. हे आत राहून कळलं नसतं, हे खरं आहे. माझाही १० मायक्रॉनचा धडा आत राहून मिळाला नसता. धंदा शिकायला धंद्यातच उतरावं लागतं, याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो उतरताना घरात किती महिन्यांचं धान्य आहे हे न मोजण्याला. तुमच्याकडे रोज थोडे का होईना पैसे येत होते. माझ्या मित्राकडे चार महिने एक रुपया येणार नाही आणि तो आजच सही करतोय.

दुसरा_पगार

इतका वेळ वाचतेय. ज्यांनी नोकरी सोडली त्यांचंच सगळे बोलताय. न सोडलेल्या माणसाचं कुणी बोलेल का?

माझ्या नवऱ्याने २०१९ च्या ऑगस्टमध्ये सोडली, केटरिंग सुरू केलं. सात महिन्यांत लॉकडाऊन. मे २०२० मध्ये सरकारी हमीचं जादा कर्ज आलं, बाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्के, त्याने तग धरली असं तो सगळ्यांना सांगतो. घर चाललं ते माझ्या शाळेतल्या पगारावर. त्याच्या कंपनीचा ग्रुप विमा त्याच्या शेवटच्या दिवशी संपला, हे आम्हाला सासूबाईंना अ‍ॅडमिट करताना काउंटरवर कळलं. हातात कार्ड होतं, कार्ड चालत नव्हतं. एक लाख दहा हजार भरले, माझी एफडी मोडून.

मी तक्रार करत नाही. त्याचा धंदा आता चांगला चाललाय आणि मला त्याचा अभिमान आहे. पण लेथवाले, तुमच्या लिहिण्यात पाटल्या एका ओळीत येऊन गेल्या. मला त्या ओळीपाशी थांबावंसं वाटलं. तुमच्या मित्राला ऑर्डर दाखव, बिल दाखव म्हणण्याआधी, बायकोला विचारलंस का, हे विचारलंत का?

परत_गेलेला

मी दोन वर्षं फॅब्रिकेशन केलं आणि २०२३ मध्ये परत नोकरीला लागलो. असं कुणी फारसं सांगत नाही, म्हणून सांगतो. मी पैशामुळे नाही परतलो, पैसे मिळत होते. मला वसुलीचे फोन करता येत नव्हते. सकाळी अकराला कुणाला तरी पैसे मागायचे या विचाराने आदल्या रात्री झोप यायची नाही. वेल्डिंग मला मनापासून आवडायचं, आणि धंद्यात वेल्डिंग करायला वेळच उरला नाही. आता प्लांटला फॅब्रिकेशन बघतो, दहा माणसं हाताखाली आहेत, आणि पुरवठादाराचं बिल आलं की त्याच दिवशी पुढे सरकवतो.

कोरेगावकर म्हणतात सोडूच नये. मी म्हणेन सोडा, पण घरचं कर्ज आधी घ्या. पगाराची स्लिप असते तोवर बँक दारात येते. ती गेली की तीन वर्षांची रिटर्न मागतात. मी परत आलो तेव्हा घराचे हप्ते चालू होते, म्हणून निदान घर होतं.

कोरेगावकर

हेच तर मी म्हणतोय. शेवटी नोकरीनेच सांभाळलं.

परत_गेलेला

नाही हो. मला आज जी नोकरी मिळाली ती त्या दोन वर्षांमुळे मिळाली. मुलाखतीत त्यांनी बाकी काही विचारलंच नाही, कोटेशन कसं काढायचास तेवढंच विचारलं.

लेथवाला_भोसरी

'दुसरा पगार' ताई, नाही विचारलं. तुमचं वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, पाटल्या २०२१ ला सुटल्या, पण तेव्हा तू मला विचारलं नव्हतंस, सांगितलं होतंस. सात वर्षांत हे पहिल्यांदा बोलली.

काल रात्री मित्राला फोन केला. विमा वेगळा काढलाय का विचारलं, नव्हता. घरी सांगितलंय का विचारलं, तर थोडा वेळ गप्प राहिला. त्याला म्हटलं, मी नको म्हणालो ते माझं चुकलं असेल, निर्णय तुझा आहे. गुरुवारी वहिनींना घेऊन ये. २०१८ ची वही अजून माझ्याकडे आहे, कुठलं बिल कधी टाकलं आणि पैसे कधी आले, तारखेनिशी लिहिलेलं. दोघांनी मिळून बघा, हवं तेवढा वेळ बसा. येतो म्हणालाय.